वापराचा हक्क

मी पाइपलाईनीवर सात महिने होतो. कोणाच्या, ते लिहीत नाही. आत तेल जायचं होतं की गॅस, तेही लिहीत नाही. जागा खान्देशाबाहेरची, एवढंच. भ्याला म्हणा, हरकत नाही. माझा मावसभाऊ अजून त्या भानगडीत अडकलेला आहे, त्याची तारीख चालू आहे, आणि माझ्या नाव घेण्याने त्याची भाकर जाणार असेल तर असलं शौर्य मला परवडत नाही.

सध्या मी जळगावच्या एमआयडीसीत डाळमिलमध्ये आहे. तूर आत जाते, डाळ बाहेर येते, साल वेगळं, चुनी वेगळी. अंगावर भुशाचा थर बसतो तो आंघोळीने जात नाही. रात्रपाळीत पट्टा तुटला की अर्धा तास मिळतो, त्यात पोत्याच्या चिठ्ठीच्या मागे चार ओळी होतात. संपादक म्हणाले, तुझ्या कविता पुष्कळ छापल्या, आता डोळ्यांनी पाहिलेलं काही गद्यात लिही. म्हणून हे. शाळा नववीपर्यंत. चूक असेल तर सुधारून घ्या, पण माझं म्हणणं सुधारू नका.

जळगावात पाइप म्हटलं की केळी आठवते. भवरलाल जैन यांनी 1963 साली सात हजार रुपयांवर इथे व्यापार मांडला आणि 1980 पासून पीव्हीसी पाइप काढायला घेतले. आमच्या आळीतली पोरं पाइपाच्या लहानमोठ्या कारखान्यांत लागतात, सुटतात, पुन्हा लागतात. पण मी सांगतो तो पाइप हा नव्हे. तो लोखंडाचा, कमरेएवढा जाड, जमिनीखालून तीन-चार राज्यं पार करणारा. आपल्या अंगणातूनच एक गेलाय आणि पुष्कळांना ठाऊक नाही. मुंबईच्या रिफायनऱ्यांकडून 252 किलोमीटरची लाईन 1998 साली मनमाडला आली. पुढे ती वाढवत धुळे जिल्ह्यातून मध्य प्रदेशात, इंदूरजवळ मांगल्याला, आणि तिथून थेट दिल्लीजवळ बिजवासनला नेली. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. आपल्या धुळ्या-जळगावच्या पंपांवर येणारा टँकर तिथे भरतो. जानेवारी 2024 मध्ये नव्या अपघात कायद्याविरुद्ध ड्रायव्हर लोकांनी टँकर उभे केले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पंपावर रांगा लागल्या. दोन दिवस सगळ्यांना ड्रायव्हर दिसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा दिसेनासा झाला.

पाइप मात्र संप करत नाही. त्यासाठीच तर तो असतो.

अशी लाईन चालते कशी, ते मला एका वेल्डरने सांगितलं. केरळचा होता, हिंदी माझ्यासारखीच मोडकी. म्हणाला, आतलं तेल काही गोळीसारखं पळत नाही. माणसाच्या चालीने जातं, फार तर सायकलच्या. एकाच पाइपातून आधी डिझेल, मागून रॉकेल, त्यामागून पेट्रोल, असं एकापाठोपाठ सोडतात. मध्ये पडदा नाही. जिथे एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडाला लागते तेवढं तेल मिसळतं. ते मिसळलेलं शेवटच्या स्टेशनवर वेगळं काढून घेतात. मी म्हटलं, म्हणजे विटाळ झाला! त्याला शब्द कळला नाही. समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की त्याची काच खाली पडली. मग विचारलं, तुमच्यातबी आहे का रे हे? म्हटलं, आहे ना, पण आमच्याकडे मिसळलेलं वेगळं काढून पुन्हा शुद्ध करून घेत नाहीत, जाळतात.

2022 ची दिवाळी झाली आणि आमच्या वस्तीत मुकादम आला. पाइपाचं काम, रोज साडेपाचशे, जेवण आपलं, झोपायला तंबू. उचल म्हणून पाच-पाच हजार हातावर ठेवले. जळगाव-धुळ्याची मिळून बावीस माणसं आम्ही टेम्पोत बसलो. त्यात मी आणि माझा मावसभाऊ. तो धुळे तालुक्यातला, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बारावी पास, पोलीस भरतीत धावण्यात दोनदा निघालेला आणि लेखीत दोनदा पडलेला. निघताना मावशी म्हणाली, "संभाळजो रे त्याले." मी मान हलवली. आज ती मान मला खाली घालावी लागते.

काम असं. पुढे पोकलेन चर खणत जातं. मागून पाइप ओळीने मांडतात, वेल्डर सांधे जुळवतात, सांध्याचा एक्स-रे काढतात. एक्स-रेवाला ओरडला की आम्ही शेतभर पळायचो. सांध्यावर काळं कव्हर चढवतात. मग एक माणूस विजेचा ब्रश घेऊन सगळ्या पाइपावरून फिरवतो. कव्हरला सुईएवढं छिद्र असलं तरी यंत्र किंचाळतं. त्या छिद्राला ते लोक 'हॉलिडे' म्हणतात. सात महिन्यांत मी कितीतरी हॉलिडे सापडताना पाहिले. आम्हाला एकही मिळाला नाही. पाइपाच्या आतून साफसफाईचं एक धूड सोडतात, त्याला 'पिग' म्हणतात. म्हणजे डुकरालासुद्धा या धंद्यात ठरलेलं काम आहे, नाव आहे, रजिस्टरात नोंद आहे. आमची नोंद मुकादमाच्या वहीत 'लेबर 22' अशी होती.

आमचं काम चरात उतरून दगड वेचायचं. पाइपाखाली आणि पाइपावर चाळलेली मऊ माती घालायची, कारण दगड घासला तर कव्हर फाटतं. लोखंडाला खरचटू नये म्हणून एवढी मऊ गादी! पुढच्या पावसात त्या मातीत गवत उगवतं, शेतकरी पेरतो, कुणी म्हणणार नाही की खाली काही आहे. फक्त जागोजागी पिवळे-पांढरे खांब उभे राहतात.

सगळ्यात शेवटी पाण्याची परीक्षा. लाईनीचा एकेक तुकडा पाण्याने गच्च भरतात, वर दाब देतात आणि दिवस-रात्र बघतात कुठे गळतं का. हिशेब करायची मला खोड आहे. अठरा इंची पाइपात एका किलोमीटरला दीड लाख लिटरच्या वर पाणी मावतं. बारा हजारांचा टँकर धरला तर बारा-तेरा टँकर. एप्रिलचा महिना होता. बाजूच्या गावात बौद्ध वस्तीला टँकर पाचव्या दिवशी यायचा, बायका दोन-दोन घागरींसाठी भांडायच्या. आणि इकडे मोटार लावून किलोमीटरमागून किलोमीटर भरत होते. इंजिनियर वाईट नव्हता. तो म्हणाला, पाणी वाया जात नाही, पुढच्या तुकड्यात वापरतो, मग सोडून देतो. खरं असेल. मी घागरींकडे पाहत होतो, त्याच्या कागदाकडे नाही.

त्याच गावात ती म्हातारी भेटली.

तिच्या नावावर, म्हणजे तिच्यासकट अकरा जणांच्या नावावर, दीड-पावणेदोन एकराचा तुकडा. जुनी महारकीची जमीन. आपल्यातल्या जाणत्यांना सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो. गावकीची चाकरी करायची, शीव दाखवायची, सांगावे पोचवायचे, मढी वाहायची, आणि त्याबदल्यात हे वतन. बाबासाहेबांनी 1928 पासून या वतनाविरुद्ध कायदेमंडळात बिल आणलं, कारण वतन म्हणजे जमीन दाखवून बांधलेली गुलामी. कायदा झाला तो 1958 चा, बाबासाहेब गेल्यावर. चाकरी गेली, जमिनी परत दिल्या, पण सातबाऱ्यावर 'नवीन शर्त' लिहून. सरकारला विचारल्याशिवाय विकायची नाही.

त्या तुकड्याच्या मधोमध लाईन गेली. 18 मीटर रुंदीचा पट्टा, लांबी 80 मीटरच्या आसपास. म्हातारी रोज बांधावर येऊन बसायची. एकदा मला म्हणाली, "बाबा, तू लिवतोस वाचतोस, हे बघ." लुगड्याच्या पदरातून नोटीस काढली. इंग्रजी आणि सरकारी मराठी. मी ती तीनदा वाचली. नंतर जळगावला आल्यावर एका वकील मित्राकडून कायदा समजून घेतला, तो इथे सांगतो, कारण उद्या तुमच्या गावातही खांब उभे राहतील.

कायदा 1962 चा. पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाईनीचा. त्यात जमीन घेत नाहीत. जमिनीच्या 'वापराचा हक्क' घेतात. आधी राजपत्रात जाहीर करतात. मग 21 दिवसांत हरकत घ्यायची. हरकत फेटाळली की पुन्हा जाहीर होतं आणि हक्क सरकारकडे किंवा कंपनीकडे जातो. मालकी तुमची. सातबारा तुमचा. शेतसारा तुमचा. पेरा, कापा. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, झाड लावायचं नाही, तळं करायचं नाही, विहीर खणायची नाही. याचा मोबदला म्हणजे जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, आणि पिकाची, झाडांची नासाडी झाली असेल तर ती वेगळी.

म्हातारीच्या पट्ट्याचं गणित मी बांधावरच केलं होतं. सव्वाचौदा गुंठे. एकरी सहा लाख धरले तर पट्ट्याची किंमत दोन लाख तेरा हजार. दहा टक्के म्हणजे एकवीस हजार आणि वर काही. अकरा वारसांत प्रत्येकी दोन हजारसुद्धा नाहीत. त्यात दोन वारस मुंबईला, एक बेपत्ता, एकीचं लग्न होऊन आडनाव बदललेलं. सगळ्यांच्या सह्या, प्रतिज्ञापत्रं, वारसदाखले. बाजूच्या पाटलाचा चेक पहिल्या महिन्यात आला, कारण त्याच्या सातबाऱ्यावर एकच नाव. मी पाटलाला दोष देत नाही, त्याचीही जमीन गेलीच. पण एकच कायदा एका बांधावर चेक होतो आणि दुसऱ्या बांधावर नुसती फाईल.

म्हातारीचं दुःख मात्र पैशाचं नव्हतं. तिचा नवरा तीस वर्षं म्हणत मेला होता, ओढ्याच्या अंगाला विहीर घेऊ. पाणी तिथेच आहे हे सगळ्या गावाला माहीत. आता मुलाने कर्ज काढायचं ठरवलं तेव्हा पट्टा नेमका ओढ्याच्या अंगाने आखला गेला. "आरं, हिरीची जागाच नेली की," ती म्हणायची. जमीन तिचीच होती. कागदावर एक इंचही गेली नव्हती.

मी कविता करणारा माणूस आहे. असं काही ऐकलं की मला शब्दच दिसायला लागतात. रात्री तंबूत पडल्यावर तो शब्द डोक्यात वाजत राहिला. वापराचा हक्क. वापराचा हक्क. हा शब्द आपण आधी कुठे ऐकलाय?

महाडला, मित्रांनो.

1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना वापरता यावेत. 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, ओंजळभर पाणी प्याली, आणि परतताना लाठ्या खाल्ल्या. मग स्पृश्य मंडळी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं काय होतं? तळं आमच्या मालकीचं. मालकी! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला 17 मार्च 1937 ला. ओंजळीतून कोर्टाच्या शिक्क्यापर्यंत दहा वर्षं. आपण तळ्याची मालकी मागितली नव्हती. वापर मागितला होता. तेव्हा आपल्याला सांगितलं गेलं, मालकाला विचारल्याशिवाय वापर कसला? आणि आता म्हातारीला सांगतात, मालक तूच आहेस, पण वापर आमचा. तेव्हा मालकी मोठी होती, आता वापर मोठा झाला. जे मोठं असेल ते आपल्याकडे नसतं, इतकं ते सोपं आहे.

कुणी म्हणेल, पाइप नको का? देश चालायचा कसा? मी तसं म्हणत नाही. हजार टँकर रस्त्यावर धावण्यापेक्षा पाइप बरा, जळून मरणारे ड्रायव्हर कमी होतात. पण पाइप आला की रोजगार येतो, हे जे पुढारी गावोगाव सांगतात ते जरा मोजून घ्या. अमेरिकेत कीस्टोन एक्सएल नावाची मोठी लाईन होणार होती. तिच्यावरून तिथे वर्षानुवर्षं रण पेटलं, शेवटी 2021 साली ती बंद झाली. तिथल्या सरकारच्याच 2014 च्या अहवालात लिहिलं होतं की बांधताना हजारो हातांना काम मिळेल आणि बांधून झाल्यावर सुमारे 50 माणसं पुरतील, त्यातली कायमची 35. हा धंदाच असा आहे. खणताना जत्रा, नंतर शुकशुकाट. आमची बावीस माणसांची गँग सातव्या महिन्यात मोडली. प्रॉव्हिडंट फंड कापला होता म्हणे, नंबर अजून मिळालेला नाही. कंत्राटी कामगारांचा 1970 चा कायदा होता, त्याचं नाव 'नियमन आणि निर्मूलन'. निर्मूलन नावातच राहिलं. आता तो कायदाही श्रमसंहितेत विरघळला, नावसुद्धा उरलं नाही.

मी परत आलो. मावसभाऊ तिथेच राहिला, कारण त्याला नोकरी लागली होती. लाईनवर चालायची.

लाईन पुरली की तिच्यावरून रोज माणूस चालावा लागतो. कुणी खणत तर नाही, कुणी घर तर बांधत नाही, माती ओली तर दिसत नाही, गवत पिवळं तर पडलं नाही. त्याच्या कमरेला एक यंत्र असतं. तो कुठे चालतोय, कुठे थांबला, किती वेळ थांबला, ते दूर कुठल्या तरी ऑफिसात पडद्यावर उमटतं. त्याचा पल्ला आठ किलोमीटर, जाऊन-येऊन सोळा. कंपनीचा नव्हे, कंत्राटदाराचा माणूस. तीन वर्षांत कंत्राटदार दोन झाले, तो तोच. फोनवर सांगायचा, "भाऊ, मी वर चाली ऱ्हायनू, तेल खाले चाली ऱ्हायनं. दोन्हीस्नी चाल एकच. फक्त त्याले किंमत शे." मी म्हटलं हे लिहून ठेव, कविता आहे. तो म्हणाला, तूच लिख.

आजोबा गिरणीत होते, त्यांच्याकडून एक गोष्ट लहानपणी ऐकलेली. मनमाडची परिषद. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938, जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची. आजोबा तेव्हा जन्मलेही नव्हते, पण त्यांचा बाप गेला होता, बैलगाडीने आणि मग पायी. तिथे बाबासाहेबांनी सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे वाक्य आपण सगळे भिंतीवर रंगवतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेच्या गँगमनबद्दल जे सांगितलं ते आपण रंगवत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, साधा पोर्टरही होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावं लागतं आणि तिथे विटाळ आडवा येतो. गिरणीत विणकामाचं खातं त्याला बंद, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागतो. भाषण झालं मनमाडला. त्याच मनमाडला साठ वर्षांनी पाइपलाईन आली. रुळांवरून चालणारा गँगमन आणि पाइपावरून चालणारा माझा मावसभाऊ, दोघांच्या मध्ये मला फक्त कमरेचं ते यंत्र नवं दिसतं. आता विटाळ कुणी बोलून दाखवत नाही. आता म्हणतात 'आउटसोर्स'. कंट्रोल रूममध्ये बसायला डिप्लोमा लागतो, डिप्लोम्याला पैसे लागतात. पैसे कमवायला लाईनवर चालावं लागतं.

आता ती भानगड.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पल्ल्यात चोरी निघाली. पाइपाला भोक पाडून नळी बसवून माल काढणारे टोळीवाले असतात. तेलाच्या चोरीत केवढा पैसा आहे ते आपल्याकडे नवं नाही. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. त्याच वर्षी पाइपलाईनीचा कायदा कडक झाला, चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आली. कडक व्हायलाच पाहिजे. नैरोबीत 2011 साली पाइपातून गळलेलं तेल गटारात आलं, झोपडपट्टीतले लोक डबे घेऊन धावले, आग लागली आणि शंभरावर माणसं गेली. आंध्रात नगरम गावी 2014 च्या जूनमध्ये गॅसची लाईन पहाटे फुटली, झोपलेली माणसं जळाली. लाईनशेजारी राहणारा कोण असतो ते वेगळं सांगायला नको. तेव्हा चोर पकडा. जरूर पकडा.

पण पकडला कोण? जो त्या चोरीच्या जागेवरून रोज चालतो तो. पहाटे चार वाजता खोलीवर पोलीस आले. तुझ्या हद्दीत झालं, तुला ठाऊक नाही? यंत्र दाखवतं तू इथे सात मिनिटं थांबला होतास, का थांबलास? आता उन्हाळ्यात सोळा किलोमीटर चालणारा माणूस झाडाखाली सात मिनिटं का थांबतो याचं काय उत्तर द्यायचं? आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग वस्ती विचारली. चार दिवस बसवून ठेवलं. पाचव्या दिवशी खरी टोळी सापडली, दुसऱ्याच तालुक्यातली, तेव्हा सोडलं. सॉरी कुणी म्हटलं नाही. आणि कंत्राटदाराने सांगितलं, तुझ्यावर संशय होता, वरून माणूस बदलायला सांगितलंय. कागद दिला नाही. तोंडी. यंत्र काढून घेतलं.

जुन्या गावात चोरी झाली की माग काढायला वेसकराला बोलवायचे. माग त्याच्या शिवेत येऊन थांबला तर जबाब त्याने द्यायचा. आजोबांचे आजोबा हे करायचे. वतन गेलं, चाकरी गेली म्हणून आपण साखर वाटली. मला रात्री डाळमिलच्या आवाजात वाटत राहतं की चाकरी नुसती जमिनीखाली गेली होती.

मावशीकडे गेलो. ती चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "मन्हा पोऱ्या चोर नही शे." मी म्हटलं, माहीत आहे मावशी. ती म्हणाली, "तुले माहीत शे, माले माहीत शे. कागदवर लिख. तू लिखस ना? मंग हाई लिख." तर हे लिहिलं. मावशी वाचू शकत नाही, अंक हातात आला की मी तिला वाचून दाखवणार आहे.

गेल्या 31 जुलैला आम्ही दोघं लळिंगला गेलो होतो. 1937 साली याच तारखेला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. दर वर्षी तिथे माणसं लोटतात. पावसाची भुरभुर, डोंगर हिरवा, पोरंबाळं, वडापावच्या गाड्या, पुस्तकांचे ढीग, लाऊडस्पीकर. मला नेहमी वाटतं, त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा निकाल लागला आणि जुलैत माणूस पुन्हा काळा कोट घालून दुसऱ्या कुणाच्या तरी केससाठी इथे हजर. जिंकल्यावर बसला नाही. मावसभाऊ सगळा वेळ गप्प होता. डोंगर उतरताना त्याचा हात सारखा कमरेकडे जात होता, जिथे ते यंत्र असायचं. विचारलं तर म्हणाला, सवय. कुठे थांबलो की वाटतं कुणी मोजतंय.

त्या गर्दीत एक वकीलबाई भेटल्या, आपल्याच. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, हजेरीचे पुरावे आहेत का? आम्ही म्हटलं, कागद एकही नाही. त्या म्हणाल्या, यंत्र होतं ना? मग तीन वर्षांची प्रत्येक पावलाची नोंद त्यांच्याकडेच आहे. तीच मागवू.

अर्ज गेला आहे. लेबर ऑफिसात दोन तारखा झाल्या, दोन्हींना समोरून कुणी आलं नाही. म्हातारीच्या मुलाचाही फोन आला होता, त्याला वारसदाखल्याचा नमुना पाठवलाय, आणि विहिरीसाठी पट्ट्याबाहेर ओढ्याच्या काठी किती फूट जागा उरते ते टेपने मोजून कळव म्हणून सांगितलंय. तिसरी तारीख पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आहे. मी मिलमध्ये रात्रपाळी मागून घेतली आहे, म्हणजे सकाळी सुटून थेट एसटी पकडता येईल. ज्यांना जमेल त्यांनी यावं, दोघंच बाकावर बसलो की साहेब आत बोलवत नाही. भाकरी घरून आणा, तिथली कँटीन बंद असते.